ब्रेकचा बूट

परवा नातवानं विचारलं, "आजोबा, ब्रेकच्या आतल्या भागाला 'शू' का म्हणतात? गाडी काय बूट घालते?" मंडळी, पोराचा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही!

मोटारी येण्याआधी युरोपात घोडागाड्या उतारावर आवरायला चाकाखाली एक लोखंडी पन्हळ सरकवत. तिला 'शू' म्हणत. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं ठोकत. हर्बर्ट फ्रूडनं ते पाहिलं आणि १८९७ मध्ये ब्रेकची अस्तरं बनवायला सुरुवात केली, अशी हकीकत सांगतात. त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात बायको एलिझाबेथचा 'ई' घालून 'फेरोडो' हे नाव झालं.

१९०२ मध्ये लुई रेनोनं ड्रम ब्रेक आणला. फिरत्या डब्याच्या आत दोन अर्धगोल शू, पेडल दाबलं की बाहेर फाकून डब्याला घासणारे. पुढे १९२१ च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक आले. आमच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमियर पद्मिनीतही तीच जुनी विद्या होती, चारही चाकांना ड्रम.

१९८६ मध्ये मी एक जुनी पद्मिनी घेतली. अस्तर झिजलं की शू आणि ड्रममधली फट वाढते, पेडल खोल जातं. मग चाक जॅकवर उचलायचं, मागच्या पत्र्यावरचा नट चाक अडेपर्यंत फिरवायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा, चाक मोकळं फिरेपर्यंत. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हे शिकवलं. म्हणाले होते, "मास्तर, कसणं सोपं असतं. सोडायचं किती ते हाताला कळलं पाहिजे."

१९८८ च्या मे महिन्यात मुंबईला लग्नाला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतःच ब्रेक कसले. शेवटच्या चाकाला अंधार पडला होता. नट कसला, मागे घ्यायचा विसरलो. खंडाळ्यापर्यंत जळका वास येत होता, तो मी दुसऱ्याच्या ट्रकचा समजलो! बोरघाटात पेडल मऊ लागलं आणि गाडी थांबेना. मागे दोन्ही मुली झोपलेल्या. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक, आणि डोंगराच्या बाजूला खडीच्या ढिगात गाडी घातली. सौ. काही बोलली नाही. त्या न बोलण्यानं मला जास्त कापरं भरलं.

तीन चाकं कोमट होती. चौथ्याजवळ हात नेववत नव्हता. सतत घासून ड्रम तापला, त्यानं ब्रेक ऑइल उकळलं. तेलात वाफ झाली की पेडल वाफेलाच दाबतं, शूला नाही. तासभर थांबून, गार झाल्यावर नट मागे घेतला, पेडल पुन्हा कडक लागलं, तेव्हा पुढे निघालो.

आणखी एक चूक तेव्हा सगळेच करत. ड्रम उघडला की आतली धूळ फुंकर मारून उडवायची. त्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसांना घातक, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जुनी गाडी जपणाऱ्यांनी ओल्या फडक्यानंच पुसावं.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. ड्रम ब्रेक मात्र अजून कित्येक गाड्यांच्या मागच्या चाकांत आहे.

नातवाला एवढं सगळं सांगितलं. त्यानं शेवटी विचारलं, "आजी खरंच काही बोलली नाही?"

असो. ते उत्तर आजीनंच द्यावं!