पुण्याचा चहा आणि चहाचे दुकान

आज मोठ्या शहरात चहाचे दुकान काढायचे म्हटले की माणूस आधी हिशेब मांडतो तो जागेचा, भांडवलाचा आणि दुधाच्या रतिबाचा. आपल्या शहरात मात्र एक काळ असा होता की, या तिन्ही गोष्टी जमल्या तरी चौथी जमल्यावाचून दुकान चालणे कठीण. ती चौथी गोष्ट म्हणजे चहा करणाराची जात.

या गोष्टीला काय वजन होते, हे समजण्यासाठी 14 ऑक्टोबर 1890 हा दिवस आठवावा. वेताळ पेठेतील पंचहौद मिशनमध्ये त्या दिवशी व्याख्यान होते. कै. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने शहरातील बडी मंडळी तेथे जमली. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पुढे हजर असणारांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि शहरात ग्रामण्य पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे सार्वजनिक कार्यात एकमेकांचे प्रतिपक्षी. पण या पेल्याने दोघांनाही एकाच आरोपींच्या रांगेत बसविले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी 1892 मध्ये मित्रांच्या अडचणीकडे पाहून प्रायश्चित्त पत्करले आणि त्याबद्दल सुधारकांचाही रोष ओढवून घेतला. ज्या शहरात फुकटच्या चहाची एवढी किंमत पडली, तेथे विकतचा चहा चालावा कसा?

तरी तो चालला. याचे एक कारण पुण्याच्या बाहेरचे आहे. आसामातील चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये 1839 साली झाला आणि पुढे कित्येक वर्षे हे पीक मुख्यतः परदेशी गिऱ्हाइकांसाठीच निघत असे. 1903 साली चहावर उपकर बसला, त्या पैशातून चहाच्या प्रचाराची सोय झाली आणि 1929 नंतरच्या मंदीत परदेशी मागणी घटली तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या घरादारांकडे मोर्चा वळविला.

दुसरे कारण दुकानदारांच्या धोरणात आहे. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पुण्याची नाडी बरोबर ओळखली. सोन्या मारुती चौकातील ‘आद्य अमृततुल्य’ 1924 चे. दुकानाला नाव बहुधा देवदेवतांचे, घासून लखलखीत केलेली पितळी भांडी आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कुटलेले आले-वेलदोडे. यात चव होतीच. पण शंकेखोर शहराला दिलेली एक मूक ग्वाहीही होती. इराणी दुकानदारांचा मार्ग निराळा. ते आपल्या जातींच्या उतरंडीबाहेरचे, म्हणून त्यांच्या हातचे घेणाऱ्याने सोवळे आधीच घरी ठेवलेले असे. डेक्कन जिमखान्यावर ‘गुडलक’ 1935 साली निघाले, तेव्हा कॉलेजातील मुलांची एक पिढी असे सोवळे घरी ठेवूनच बाहेर पडू लागली होती.

म्हणजे एकाने शंकेचे समाधान केले, दुसऱ्याने शंका न घेणारे गिऱ्हाईक शोधले. पण ज्याच्या हाताचाच विटाळ मानला जाई, त्याने काय करावे? याचे उत्तर पुण्यात नव्हे, कोल्हापुरात मिळते. सरकारी पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी बेदम मारले. शाहू महाराजांनी मारणारांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले. जागा चांगली, चहा चांगला. परंतु गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवू लागले. ते चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत.

या प्रसंगात राजाच्या औदार्यापेक्षा अधिक काही आहे. 1950 च्या संविधानाने दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांना खुली केली. 1955 च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे दंडनीय ठरविले. गिऱ्हाइकाला आत येण्याचा हक्क मिळाला, आणि तो मोठाच हक्क आहे. पण दुकानदार गंगारामांची अडचण उलटी होती. त्यांचे दार उघडेच होते. त्यातून आत कोणी येत नव्हते. अमक्याच्या हातचा चहा प्या, अशी सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही. महाराजांना हे कळले होते, म्हणून हुकूम काढून ते थांबले नाहीत. ते स्वतः गिऱ्हाईक झाले.

चहाच्या दुकानाचे खरे भांडवल गिऱ्हाइकाचा विश्वास, असे व्यापारी सांगतात. ते खरेच आहे. मात्र तो विश्वास आपण कोणाला सहज देतो आणि कोणाला देताना हात आखडतो, याचा जमाखर्च दुकानदाराच्या वहीत सापडत नाही. तो गिऱ्हाइकानेच मांडावयाचा असतो.