मणक्यातली नळी आणि सिरोंचाचं अंतर

उपचाराचा इतिहास वाचताना आपण 'शोध कुणी लावला' इथेच थांबतो. पण तो उपचार रुग्णाच्या घरी पोचला की त्याचा धोकाही बदलतो. मणक्यात वेदनाशामक सोडणारी नळी, म्हणजे स्पायनल कॅथेटर, हे याचं चांगलं उदाहरण.

1898 मध्ये जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बिअर यांनी मणक्यातल्या द्रवात कोकेन टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. सुई टोचली, काढली, संपलं. जंतूंना वाव थोडाच. 1940 च्या दशकात एडवर्ड टूही यांनी सुईतून बारीक नळी सरकवून ती आतच ठेवली. 1976 मध्ये याक्श आणि रूडी यांनी उंदरांवर दाखवलं, की मॉर्फिन थेट मज्जारज्जूवर काम करून वेदना दाबतं. 1979 मध्ये ते कॅन्सरच्या रुग्णांना मणक्यातून दिलं गेलं. तासांची नळी पुढे आठवड्यांची, महिन्यांची झाली.

नळी जितकी जास्त दिवस, तितकी जंतूंना संधी जास्त. त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस नळीच्या कडेने उतरतात किंवा औषध भरताना जोडातून शिरतात. मग मेंदूज्वर होतो, नाहीतर मज्जारज्जूभोवती पू साठतो. पाठदुखी, ताप, पायांतली ताकद कमी होणं ही त्याची लक्षणं. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून नळी त्वचेखालून लांब नेतात, फिल्टर लावतात, किंवा पंपच त्वचेखाली बसवतात.

आता सिरोंचा बघा. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचा तालुका, गडचिरोली शहर सुमारे 200 किलोमीटर दूर. अशी नळी घेऊन कुणी इथे घरी परतलं आणि ताप आला, तर पहिला संशय मलेरियावर जाणार. पाठदुखी तर धानाच्या बांधीत वाकून काम करणाऱ्यांना रोजचीच. म्हणजे धोक्याच्या दोन्ही खुणा इथे सहज झाकल्या जातात, आणि पू दाखवणारं एमआरआय लांब.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे दोन प्रश्न विचारावेत. 'शंभरात किती जणांना संसर्ग' या आकड्यात तीन दिवसांची आणि नव्वद दिवसांची नळी सारखीच मोजली जाते. म्हणून दर 1000 नळी-दिवसांमागे किती, हे बघा. दुसरं, रुग्ण गोदावरीचा पूल ओलांडून तेलंगणातल्या दवाखान्यात गेला, तर नळी बसवणाऱ्या रुग्णालयाच्या नोंदीत तो संसर्ग येतो का? येत नसेल, तर कमी आकडा म्हणजे कमी धोका, असं समजू नका.