तंबाखू चाकीला ऊब आली

'तंबाखू चाकीला ऊब आली' हा निपाणी येथील तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या संघर्षावरील मराठी माहितीपट आहे. बंगळूर येथील 'युगांतर' या स्त्रीवादी चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्याची निर्मिती केली. हा कृष्णधवल माहितीपट १६ मि.मी. फितीवर चित्रित झाला असून त्याचा कालावधी सुमारे २५ मिनिटे आहे. त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा अर्थ 'तंबाखूचे निखारे' असा होतो.

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे मराठीभाषक शहर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात (आजचे कर्नाटक) समाविष्ट झाले. विडीच्या तंबाखूची ही मोठी बाजारपेठ होय. वखारींत तंबाखू चाळण्याची व निवडण्याची कामे प्रामुख्याने स्त्रिया करीत. दिवसभर तंबाखूच्या धुळीत वावरावे लागे, तास दीर्घ असत आणि मजुरी अल्प असे. हे श्रम असंघटित असल्यामुळे मालकाच्या मर्जीवाचून आधार नव्हता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या स्त्रिया चिकोडी तालुका कामगार महासंघात संघटित होऊ लागल्या. प्रा. सुभाष जोशी हे त्यांच्या लढ्यातील प्रमुख नेते होते. १९८१ मध्ये याच शहरात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. त्या आंदोलनाची चर्चा राज्यभर झाली; वखारीतील स्त्रियांचा लढा त्या मानाने कमी परिचित राहिला.

निर्मिती

दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज काँट्रॅक्टर हे 'युगांतर'चे सदस्य होते. पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेवरील 'मोलकरीण' (१९८१) या माहितीपटानंतर हा गट निपाणीकडे वळला. गटाने काही महिने कामगार स्त्रियांच्या सहवासात घालवले. काय दाखवावे व कसे दाखवावे, याची चर्चा त्यांच्याशी झाली.

स्वरूप

वखारीतील काम, स्त्रियांच्या बैठका, डावपेचांची चर्चा आणि मोर्चे यांचे चित्रण माहितीपटात आहे. पूर्वी घडलेले काही प्रसंग कामगार स्त्रियांनी कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभे केले. त्यामुळे ज्यांनी लढा दिला, त्याच त्याच्या निवेदकही ठरल्या. शोषणाची करुण कहाणी सांगण्यापेक्षा संघटना कशी बांधली जाते, भीती कशी ओसरते आणि निर्णय कसे घेतले जातात, यांवर माहितीपटाचा भर आहे.

महत्त्व

भारतीय स्त्रीवादी माहितीपटांच्या आरंभीच्या टप्प्यातील ही एक महत्त्वाची कलाकृती मानली जाते. बर्लिनमधील 'आर्सेनल' या संस्थेच्या पुढाकाराने 'युगांतर'च्या चित्रपटांचे डिजिटल पुनरुज्जीवन झाले व ते नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. निपाणीच्या याच चळवळीचा अभ्यास स्त्रीवादी लेखिका छाया दातार यांनी १९८९ मध्ये प्रकाशित झालेल्या इंग्रजी ग्रंथात मांडला आहे. अशिक्षित मानल्या गेलेल्या श्रमिक स्त्रियांनी स्वतःचा इतिहास स्वतःच्या बोलीत नोंदवल्याचे उदाहरण म्हणून मराठी वाचक-प्रेक्षकांसाठी या माहितीपटाला विशेष मोल आहे.