शिकवणाऱ्यांना शिकवणारे दहा तास : टीडब्ल्यूआयचा विस्मृत इतिहास

१/ एखाद्या देशाने स्वतः निर्माण केलेली विद्या विसरावी आणि चाळीस वर्षांनी तीच परदेशी गुरूकडून नव्याने शिकावी, असे इतिहासात क्वचितच घडते. अमेरिकेच्या कारखान्यांत नेमके तेच घडले. त्या विद्येचे नाव ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’, संक्षेपाने टीडब्ल्यूआय. आजच्या औद्योगिक प्रशिक्षणाचे अनेक धागे या प्रयोगापर्यंत जाऊन पोहोचतात. त्याचीच ही कथा. #इतिहास #धागा

२/ मे १९४० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वर्षाला ५०,००० विमाने बांधण्याची क्षमता देशापुढे लक्ष्य म्हणून ठेवली. जूनमध्ये फ्रान्स पडला आणि ब्रिटन एकाकी उरले. अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती, पण तिच्या कारखान्यांवर शस्त्रास्त्रांच्या मागणीचा भार वाढू लागला होता. यंत्रे उभारता येणार होती. प्रश्न होता ती चालवणाऱ्या हातांचा.

३/ हात कमी नव्हते. देशात सुमारे ८० लाख लोक बेकार होते. तुटवडा होता तो कुशल हातांचा. १९२९ नंतरच्या महामंदीत कारखान्यांनी नवे उमेदवार घेणे जवळजवळ थांबवले होते. जुने कारागीर वयस्क झाले आणि त्यांच्या हाताखाली तयार होणारी पिढीच मध्ये उरली नाही. कौशल्याची साखळी एकदा तुटली की केवळ पगार वाढवून ती जोडता येत नाही, हे त्या उन्हाळ्यात उद्योगपतींच्या ध्यानी आले.

४/ ऑगस्ट १९४० मध्ये राष्ट्रीय संरक्षण सल्लागार आयोगाच्या अधिपत्याखाली टीडब्ल्यूआयची स्थापना झाली. चॅनिंग डूली हे तेल उद्योगातून आले होते आणि वॉल्टर डीट्झ वेस्टर्न इलेक्ट्रिकमधून. मायकेल केन आणि विल्यम कॉनोव्हर हे त्यांचे दोन प्रमुख सहकारी. चौघेही उद्योगक्षेत्रात मुरलेले होते. सरकारी हुकूम काढून कारखाने शिकत नाहीत, याची त्यांना जाणीव होती; म्हणून ही सेवा पूर्णपणे ऐच्छिक ठेवली गेली.

५/ पहिली मोठी कसोटी भिंगांची होती. पाणबुड्यांचे पेरिस्कोप आणि विमानांतील नेमसाधने यांना अत्यंत अचूक भिंगे लागत. ती घासणारा कारागीर तयार व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात, असा त्या व्यवसायातील समज होता. पाच वर्षे थांबायला वेळ कोणालाच नव्हता. केन यांनी त्या कामाचा बारकाईने अभ्यास केला.

६/ त्यांना आढळले की ‘भिंग घासणे’ हे एक काम नसून अनेक लहान कामांची माळ आहे. त्यांतील मोजकीच कामे खरोखर दीर्घ अनुभवाची होती. ती जुन्या जाणत्यांकडे ठेवली आणि उरलेली नवख्यांमध्ये वाटली. शिकवण्याची पद्धतही बदलली. वर्षांचे काम महिन्यांवर आले. मात्र याला एक किंमत होती : ज्या कारागिराला अथपासून इतिपर्यंत सारे येत असे, त्याची जागा आता एकेक तुकडा येणाऱ्या अनेकांनी घेतली.

७/ केन यांची पद्धत आकाशातून पडलेली नव्हती. तिचे मूळ पहिल्या महायुद्धात होते. १९१७ नंतर अमेरिकेला घाईने जहाजे बांधायची होती आणि गोद्यांमध्ये नवख्यांची रीघ लागली होती. तेथील प्रशिक्षणाची घडी बसवली ती मॅसॅच्युसेट्समधील व्यवसायशिक्षक चार्ल्स ॲलन यांनी. त्यांचा आग्रह एकच : गोदीत शिकवायचे काम बाहेरच्या मास्तराला देऊ नये, काम जाणणाऱ्या कारागिरालाच शिकवण्याची कला द्यावी. १९१९ साली त्यांचे अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

८/ ॲलन यांनी शिकवण्याचे चार टप्पे सांगितले : शिकणाऱ्याची मनोभूमी तयार करणे, विषय मांडणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि शेवटी त्याची परीक्षा पाहणे. या मांडणीची नाळ एकोणिसाव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट यांच्या शिक्षणविचाराशी जोडली जाते. शाळेतील पाठाचा विचार अशा रीतीने प्रथम गोदीत आणि पुढे दारूगोळ्याच्या कारखान्यांत पोहोचला.

९/ टीडब्ल्यूआयने ॲलन यांचे टप्पे घेऊन ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ हा अभ्यासक्रम रचला. तो कामगारांसाठी नव्हता, त्यांच्यावरच्या फोरमन आणि सुपरवायझरांसाठी होता. उत्तम काम करणाऱ्याला उत्तम शिकवता येते, हा कारखान्यांतील जुना भ्रम. प्रत्यक्षात ज्याचा हात बसलेला असतो, त्याला आपण नेमके काय करतो हे शब्दांत सांगता येत नाही. मुरलेल्या माणसाचे ज्ञान त्याच्या बोटांत उतरलेले असते, आणि बोटे बोलत नाहीत.

१०/ हे पटवून देण्यासाठी वर्गात विजेच्या दुपदरी वायरला मारायची एक गाठ वापरत. प्रशिक्षक एका फोरमनला बोलावून ती कशी मारायची हे फक्त तोंडाने सांगे. त्याला ती जमत नसे. मग दुसऱ्याला न बोलता नुसती करून दाखवी. त्यालाही बहुधा जमत नसे. दहा-दहा, वीस-वीस वर्षे कारखान्यात काढलेली माणसे साध्या गाठीपुढे अडत.

११/ त्यानंतर प्रशिक्षक तिसऱ्याला तीच गाठ चार टप्प्यांनी शिकवी. आधी त्याची धास्ती घालवायची. मग एकेक पायरी सांगत, दाखवत, मर्माच्या जागी थांबायचे. नंतर त्याच्याकडून करवून घ्यायची आणि करता करता त्यालाच समजावून सांगायला लावायचे. शेवटी त्याला स्वतंत्र सोडून अधूनमधून चौकशी करायची. गाठ जमे. ‘सांगणे’ आणि ‘दाखवणे’ म्हणजे ‘शिकवणे’ नव्हे, हे व्याख्यानाविनाच उमगे.

१२/ त्यापुढचा भाग अधिक कष्टाचा. प्रत्येकाने आपल्या विभागातील एक काम कागदावर फोडून मांडायचे. एका रकान्यात महत्त्वाच्या पायऱ्या आणि दुसऱ्यात त्या पायरीचे मर्म : काम जमते की बिघडते हे ठरवणारी, इजा टाळणारी किंवा काम सोपे करणारी गोष्ट. लिहायला बसल्यावर अनेकांना प्रथमच कळे की आपण रोज करतो ते काम आपल्याला पुरते सांगता येत नाही.

१३/ अभ्यासक्रम अवघ्या दहा तासांचा : दोन-दोन तासांची पाच सत्रे आणि एका वर्गात सुमारे दहा जण. शेवटी प्रत्येकाच्या हाती खिशात मावेल असे एक कार्ड पडे. त्यावरील बोधाचा आशय असा, की शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही. अपयशाचा भार या कार्डाने नवख्याच्या खांद्यावरून उचलून वरिष्ठाच्या खांद्यावर ठेवला. चुकला की ‘याला अक्कल नाही’ म्हणणाऱ्या जगात ही लहान गोष्ट नव्हती.

१४/ मूठभर माणसांनी एवढा विशाल देश कसा शिकवायचा? उत्तर गुणाकारात होते. थोड्यांनी प्रशिक्षकांना घडवायचे, त्यांनी सुपरवायझरांना, आणि त्यांनी कामगारांना. हातोहात जाताना पद्धत पातळ होऊ नये, म्हणून प्रशिक्षकाने ठरलेल्या पुस्तिकेबरहुकूमच वर्ग चालवायचा, असा कडक दंडक होता.

१५/ पुढे आणखी दोन अभ्यासक्रम जोडले गेले. ‘जॉब मेथड्स’मध्ये आपल्या कामाचा प्रत्येक तपशील प्रश्न विचारून तपासायचा : हे का करायचे, येथेच का, यानेच का? ‘जॉब रिलेशन्स’मध्ये माणसांशी वागण्याचे धडे होते. कौतुक वेळेवर करावे, माणसावर परिणाम करणारा बदल त्याला आधी सांगावा, निर्णयापूर्वी सारी हकीकत समजून घ्यावी. शेतांवरून आलेले तरुण आणि प्रथमच कारखान्यात पाऊल ठेवणाऱ्या लाखो स्त्रिया यांच्यामुळे या धड्यांची निकड वाढली होती.

१६/ १९४५ मध्ये सेवा बंद झाली तेव्हा १६,५११ कारखान्यांतील १७,५०,६५० जणांना प्रमाणपत्रे मिळालेली होती. पण युद्ध संपताच निकडही संपली. सैनिक परतले, स्त्रियांना घरी धाडले गेले, आणि उद्ध्वस्त जगात अमेरिकी मालाला प्रतिस्पर्धी राहिला नाही. जे बनेल ते खपत असताना शिकवण्याची चिंता कोण करतो? कार्डे हळूहळू खणात गेली.

१७/ पराभूत जपानमध्ये नेमकी उलट स्थिती होती. अमेरिकी ताबा-प्रशासनाने तेथील उद्योग सावरण्यासाठी टीडब्ल्यूआय आणण्याचे ठरवले. १९५१ मध्ये ओहायोचे लोवेल मेलन छोट्या पथकासह जपानला गेले आणि त्यांनी पहिले प्रशिक्षक घडवले. पुढे जपानच्या श्रम मंत्रालयाने हे काम चालू ठेवले आणि लाखो जपानी सुपरवायझर या वर्गांतून गेले. गुणाकाराचे तत्त्व तेथे दशकानुदशके चालत राहिले.

१८/ टोयोटा तेव्हा संकटातून नुकती बाहेर येत होती. १९५० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपात झाली, संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडले. अशा जखमी कारखान्यात टीडब्ल्यूआयचे वर्ग सुरू झाले. ‘जॉब मेथड्स’ची जागा कालांतराने शिगेओ शिंगो यांच्या अभ्यासक्रमाने घेतली. ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ मात्र टिकले आणि टोयोटाच्या प्रमाणबद्ध कामाच्या पद्धतीचा पाया बनले.

१९/ हा प्रवाह मुंबईलाही पोहोचला. १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी भारतात टीडब्ल्यूआयचा प्रसार केला आणि श्रम मंत्रालयाचे टीडब्ल्यूआय केंद्र मुंबईत उभे राहिले. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती असे आणि नवखा गाववाल्याच्या किंवा नातलगाच्या शेजारी उभा राहून साचा चालवायला शिके. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने जॉबरच्या या सत्तेवर टीका केली होती. शिकवण्याची पद्धत कागदावर आणणे हा अशा व्यवस्थेत सत्तेचाही प्रश्न होता.

२०/ १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी कॅलिफोर्नियातील फ्रेमाँट येथे ‘नुम्मी’ हा संयुक्त कारखाना सुरू केला. टोयोटाची पद्धत अमेरिकनांना शिकवण्याच्या तयारीत जॉन शूक हे अमेरिकी कर्मचारी होते. त्यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे : प्रशिक्षणाचा मजकूर समजून घेताना अडखळल्यावर त्यांच्या जपानी सहकाऱ्याने एक जीर्ण, पिवळी पडलेली पुस्तिका पुढे ठेवली. ती इंग्रजीत होती. ती टीडब्ल्यूआयची मूळ पुस्तिका होती.

२१/ अमेरिकेने ही विद्या संकटापुरता उपाय मानली आणि संकट सरताच ठेवून दिली. जपानने तिला नित्यकर्म मानले. पुस्तिका दोघांकडे एकच होती. म्हणून या इतिहासाचा धडा पुस्तिकेत सापडत नाही. जाणत्या माणसाने निवृत्त होण्यापूर्वी आपल्या बोटांतले ज्ञान कोणाच्या तरी हाती दिले की नाही, आणि ते देण्यासाठी त्याला कोणी वेळ दिला की नाही, हाच तो प्रश्न. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेला त्याचे उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागले होते. (समाप्त)