बिलात नसलेली ओळ

ठरावीक कामासाठी ठरावीक महसूल लावून देणं दादरा नगर हवेलीतल्या सिल्वासाला नवं नाही. मराठा आरमाराने नुकसान केलेल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या भरपाईपोटी १७८३ साली पेशवाईने नगर हवेलीच्या गावांचा वसूल पोर्तुगीजांना तोडून दिला. कोणता पैसा कशासाठी, हे तेव्हा तरी स्पष्ट होतं.

आजचं सिल्वासाचं मोबाइल बिल बघा. १८ टक्के जीएसटी दिसतो, ११२ या आपत्कालीन क्रमांकासाठी मात्र एकही ओळ नाही. अमेरिकेत ९११ या तशाच क्रमांकाचा पहिला फोन १९६८ साली अलाबामातल्या हेलीव्हिल गावात लागला आणि पुढे राज्यांनी ९११चं शुल्क बिलावरच आकारलं.

आपल्याकडे टेलिफोनवर सेवाकर आला १ जुलै १९९४ला, सामान्य विमा आणि शेअरदलाली यांच्या जोडीने. दर ५ टक्के. २०१७पासून त्या जागी जीएसटी. राज्यांत त्याचा निम्मा वाटा राज्याला मिळतो. हवेली केंद्रशासित, तिला विधानसभाच नाही, तेव्हा सगळं केंद्राच्या तिजोरीत.

कंपन्यांकडूनही २००२पासून महसुलाच्या ५ टक्के वेगळे घेतले जातात. त्याचा सार्वत्रिक सेवा दायित्व निधी झाला, आता त्यालाच डिजिटल भारत निधी म्हणतात. पण तो खेड्यापाड्यांत फोन आणि इंटरनेट पोचवण्यासाठी. शिवाय तो पैसाही आधी संचित निधीत पडतो आणि संसद मंजूर करील तेवढाच बाहेर येतो.

मग ११२चा खर्च कुठून? निर्भया निधीतून. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर २०१३च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी बाजूला काढले गेले. दूरसंचार नियामक ट्रायने २०१५मध्ये एकच आपत्कालीन क्रमांक सुचवला, योजनेला ३२१.६९ कोटी मिळाले आणि १९ फेब्रुवारी २०१९ला दादरा नगर हवेलीसह सोळा राज्ये-केंद्रशासित प्रदेशांत ती सुरू झाली. गंमत अशी, की दूरसंचाराच्या हिशेबात हवेली गुजरात सर्कलमध्ये मोडते, सिल्वासाचा ०२६० कोड वापीचाही आहे. मदतीला येणारे पोलीस मात्र प्रदेशाचे स्वतःचे.

म्हणजे फोनचा कर एका वाटेने जातो आणि फोनवरची मदत दुसऱ्या वाटेने येते. बिलावर ओळ छापली की प्रश्न सुटतो, असंही नाही. न्यू यॉर्क, न्यू जर्सीने ९११चा पैसा इतरत्र वळवल्याचं अमेरिकेच्याच दूरसंचार आयोगाने नोंदवलं आहे. पण तिथे तो वळवल्याचं निदान कळतं. आपल्याकडे अर्थ मंत्रालयाने एवढं तरी करावं: फोनवरच्या करातून वर्षभरात किती आले आणि ११२ला किती दिले, हे दोन आकडे दरवर्षी एकाच पानावर छापावेत.