१८६५ : शेअर न घेतलेल्यांची मंदी

शेअरबाजार कोसळला की आमच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येते, "आपले कुठे शेअर आहेत? बुडतील ते पैसेवाले." हे कितपत खरे आहे ते पाहायचे तर मुंबईच्या १८६५ सालाकडे जावे लागते.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथून मिळणारा कापूस आटला. साहजिकच गिरणीवाले हिंदुस्थानकडे वळले आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' निघाले ते याच भरभराटीत, १८६३ साली. हे घराणे मूळचे आपल्या मडगावचे, म्हणून मुद्दाम उल्लेख केला.

आलेला पैसा गुंतवायला नव्या बँका आणि कंपन्या निघू लागल्या. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजनांनी तर लोकांना वेडच लावले. बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे राजे. त्यांनी दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. सरकारचे भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बेही शेअर तारण घेऊन सढळ हाताने कर्जे देत होती.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आल्याची बातमी आली आणि कापूस गडगडला. वायद्यांचे पैसे चुकते करायचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणाऱ्यांकडे पैसाच नव्हता. एकामागून एक पेढ्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंदही बुडाले. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली.

इतिहासात ही मोठ्यांची नावे येतात. पण तेजीत मुंबईची घरभाडी आणि धान्याचे भाव वाढले, त्याचा चटका हमालाला आणि कारकुनालाही बसला. त्याच्याकडे शेअर नव्हता. पुढे कामे थंडावली तेव्हा रोजगार त्याचाच गेला. १८६४ च्या गणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. सगळेच मंदीमुळे गेले असे म्हणता येणार नाही, पण पोटासाठी आलेल्या अनेकांना गावची वाट धरावी लागली हे नक्की.

आणि गावाकडे तरी काय होते? तेजीच्या वर्षांत शेतकऱ्याला सावकार हात आखडता न घेता कर्ज देत होता. भाव उतरल्यावर तोच सावकार नवे कर्ज नाकारून जुन्याच्या वसुलीला लागला. वर सरकारने १८६७ पासून पुणे जिल्ह्यात नवी सारा-आकारणी सुरू केली. तिने सारा वाढला, तोही भाव उतरत असताना. शेवटी १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांवर तुटून पडले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी हे लोण पसरले. त्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कर्जाच्या कागदांवर होता. ज्या गावी खते हाती लागली तिथे ती जाळली गेली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. या उठावाची कारणे अनेक होती, पण कापसाची ओसरलेली तेजी हे त्यातले एक ठळक कारण. सुप्याच्या त्या शेतकऱ्याने बॅकबेचे नावही कधी ऐकले नसेल.

असो. माझ्यासारखे जे कर्मचारी नव्या पेन्शन योजनेत आहेत, त्यांच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या रकमेचा काही भाग शेअरबाजारात जातो. शेअर कधी विकत न घेतलेल्या आमच्या कार्यालयातल्या मंडळींनी निदान वर्षातून एकदा तरी आपल्या पेन्शन खात्याचा उतारा उघडून पाहावा, एवढेच सुचवावेसे वाटते.