चार्टवरच्या रेघा नेमकं काय सांगतात? मूव्हिंग ॲव्हरेज, आरएसआय आणि उशिराचं गणित

“५० दिवसांच्या रेघेनं २०० दिवसांची रेघ खालून वर छेदली, म्हणजे गोल्डन क्रॉस झाला. आता खरेदी करायची.”

शेअर बाजाराविषयीचे व्हिडिओ पाहत असाल, तर असं वाक्य तुमच्या कानावर नक्की पडलं असेल. स्क्रीनवर हिरव्या-लाल कॅन्डल्स, त्यावर तीन-चार रंगीत रेघा, खाली आणखी एक आलेख आणि ‘इथे घेतला असता तर किती नफा झाला असता’ हे दाखवणारा बाण.

रेघेकडे पाहून पुढे काय होणार हे खरंच कळत असेल, तर मग इतक्या लोकांचे पैसे का बुडतात? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. हा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. पुढच्या एका वर्षात, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५ मध्ये, वैयक्तिक ट्रेडर्सचा निव्वळ तोटा १ लाख ५ हजार ६०३ कोटी रुपये होता.

या तोट्यामागे बरीच कारणं आहेत, त्याचं सगळं खापर रेघांवर फोडता येणार नाही. पण या रेघा कशा तयार होतात आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची नाही, हे पैसे लावण्याआधी माहीत असायला हवं.

मुळात रेघ काढायची गरज का पडते?

एखाद्या शेअरचा भाव दिवसभर वर-खाली होत असतो. कुणाला लग्नासाठी पैसे हवेत म्हणून तो शेअर विकतो, एखादा म्युच्युअल फंड मोठी खरेदी करतो, कुठली तरी अफवा पसरते. यातल्या बऱ्याच हालचालींचा कंपनीच्या खऱ्या दिशेशी संबंध नसतो. अभियंते अशा हालचालींना ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट म्हणतात. गोंगाटाखाली दडलेली दिशा म्हणजे ‘ट्रेंड’.

गोंगाट कमी करून ट्रेंड दिसावा, यासाठी आकडे गुळगुळीत केले जातात. यालाच स्मूदिंग म्हणतात आणि ते करणाऱ्या सूत्राला फिल्टर. चार्टवरचे बहुतेक इंडिकेटर हे कुठल्या ना कुठल्या प्रकारचे फिल्टरच असतात.

मूव्हिंग ॲव्हरेज म्हणजे काय?

सगळ्यात साधा फिल्टर म्हणजे सिंपल मूव्हिंग ॲव्हरेज, अर्थात एसएमए. शेवटच्या पाच दिवसांचे बंद भाव घ्या, बेरीज करा, पाचाने भागा. उद्या नवा भाव आला की सगळ्यात जुना भाव काढून टाका आणि पुन्हा सरासरी काढा. सरासरी रोज एक दिवस पुढे सरकते, म्हणून ती ‘मूव्हिंग’.

एक उदाहरण घेऊ. समजा एका शेअरचा भाव बरेच दिवस १०० रुपये होता. एके दिवशी तो ९० वर आला आणि तिथेच थांबला. आता पाच दिवसांची सरासरी काय दाखवेल?

पहिल्या दिवशी ९८, मग ९६, ९४, ९२ आणि पाचव्या दिवशी ९०. म्हणजे भाव एका दिवसात पडला, पण रेघेला तिथे पोहोचायला पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी फक्त रेघ पाहणाऱ्याला वाटेल, दोनच रुपये तर कमी झालेत!

ईएमएमध्ये वेगळं काय असतं?

पाच दिवसांच्या एसएमएमध्ये आजच्या भावाला आणि चार दिवसांपूर्वीच्या भावाला सारखंच वजन मिळतं. एक्स्पोनेन्शियल मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे ईएमए, ताज्या भावाला जास्त वजन देते. ही पद्धत शेअर बाजारासाठी शोधलेली नव्हती. १९५० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ब्राऊन यांनी साठवणुकीतल्या मालाला पुढे किती मागणी येईल, याचा अंदाज बांधण्यासाठी ती विकसित केली होती.

ईएमएचं सूत्र सोपं आहे. नव्या भावाला २ भागिले (दिवस + १) इतकं वजन द्यायचं आणि उरलेलं वजन कालच्या ईएमएला. पाच दिवसांसाठी हे वजन २/६, म्हणजे एक तृतीयांश येतं. वरच्याच उदाहरणात ईएमए पहिल्या दिवशी ९६.६७ वर येते, नंतर ९४.४४, ९२.९६, ९१.९८ आणि पाचव्या दिवशी ९१.३२.

सुरुवातीला ईएमए लवकर हलली, पण पाचव्या दिवशी एसएमए ९० वर पोहोचलेली असताना ईएमए अजून मागेच आहे. कारण तिच्यात जुने भाव कधीच पूर्णपणे बाहेर पडत नाहीत, त्यांचं वजन फक्त कमी होत जातं.

गुळगुळीत रेघेची किंमत काय?

किंमत आहे उशीर. इंग्रजीतला ‘लॅग’.

भाव एकाच गतीने वर किंवा खाली जात असेल, तर एसएमएची रेघ किती दिवस मागे असते हे सहज काढता येतं. दिवसांच्या संख्येतून १ वजा करा आणि २ ने भागा. पाच दिवसांची सरासरी २ दिवस मागे असते. ५० दिवसांची साडेचोवीस दिवस. २०० दिवसांची साडेनव्याण्णव दिवस, म्हणजे बाजाराच्या सुट्ट्या धरून जवळपास पाच महिने. ईएमएच्या सूत्रातलं वजनही असं निवडलेलं आहे, की तेवढ्याच दिवसांच्या एसएमएइतकाच तिचा सरासरी उशीर येतो.

मग कमी दिवसांची सरासरी का वापरू नये? कारण मग गोंगाट उरतो. रोजचे धक्के एकमेकांशी संबंध नसलेले आहेत असं धरलं, तर २५ दिवसांची सरासरी गोंगाट पाचपट कमी करते. तो आणखी निम्मा करायचा असेल तर ५० दिवस पुरत नाहीत, १०० लागतात. आणि उशीर १२ दिवसांवरून साडेएकोणपन्नास दिवसांवर जातो. गोंगाट निम्मा, उशीर चौपट.

हा सौदा टाळता येत नाही. ‘रेघ एकदम गुळगुळीत आणि तरीही सिग्नल वेळेवर’ असा दावा कुणी केला, की तिथेच थांबून प्रश्न विचारायला हवा.

२०२० मध्ये काय झालं?

कोरोनाच्या धक्क्याने अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९ फेब्रुवारी २०२० च्या ३,३८६ वरून २३ मार्चला २,२३७ पर्यंत कोसळला. ५० दिवसांची रेघ २०० दिवसांच्या रेघेच्या खाली जाते, त्याला ‘डेथ क्रॉस’ म्हणतात. तो झाला ३० मार्चला. तळ गाठून आठवडा झाला होता आणि निर्देशांक तिथून १७ टक्के वर, २,६२७ च्या आसपास होता.

उलटा सिग्नल, म्हणजे गोल्डन क्रॉस, आला जुलैमध्ये. तेव्हा निर्देशांक ३,१०० च्या वर होता. हे दोन्ही सिग्नल तंतोतंत पाळणाऱ्याने स्वस्तात विकलं आणि सुमारे १८ टक्के किंवा त्याहून महागात परत घेतलं.

पण याच नियमाची दुसरी बाजूही आहे. २००७-०९ च्या मंदीत डेथ क्रॉस डिसेंबर २००७ मध्ये झाला, तेव्हा निर्देशांक १,४०० च्या वर होता. पुढे मार्च २००९ मध्ये तो ६७६ पर्यंत घसरला. पडझड हळूहळू आणि दीर्घकाळ चालली, म्हणून उशिरा येऊनही सिग्नल उपयोगी ठरला.

म्हणजे ट्रेंड लांब असेल तर ही रेघ कामाची. बाजार झटक्यात पडून झटक्यात उठला, किंवा एकाच पट्ट्यात वर-खाली करत राहिला, तर ती फसवते. अशा पट्ट्यात रेघा वारंवार एकमेकींना छेदतात आणि प्रत्येक खोट्या सिग्नलवर छोटा तोटा होतो. ट्रेडर्स याला व्हिपसॉ म्हणतात. ब्रोकरेज आणि कर वेगळे.

आरएसआय, एमएसीडी आणि बोलिंजर बँड्स

आरएसआय हा इंडिकेटर जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये त्यांच्या पुस्तकातून मांडला. १४ दिवसांत भाव वाढलेल्या दिवसांची सरासरी वाढ आणि पडलेल्या दिवसांची सरासरी घट यांचं गुणोत्तर घेऊन ० ते १०० मधला आकडा काढला जातो. ७० च्या वर ‘ओव्हरबॉट’, ३० च्या खाली ‘ओव्हरसोल्ड’ असं मानतात. मात्र जोरदार तेजीत आरएसआय कित्येक दिवस ७० च्या वर राहू शकतो आणि भाव तरीही वाढत राहतो. वाइल्डर यांच्या सूत्रात नव्या दिवसाला फक्त १/१४ वजन मिळतं. त्यामुळे आरएसआयमधली १४ दिवसांची सरासरी ही नेहमीच्या २७ दिवसांच्या ईएमएइतकी संथ असते.

एमएसीडी १९७० च्या दशकात जेराल्ड ॲपेल यांनी तयार केला. १२ दिवसांच्या ईएमएतून २६ दिवसांची ईएमए वजा करायची. जे उत्तर येतं, त्याची पुन्हा ९ दिवसांची ईएमए काढायची, ती झाली सिग्नल लाईन. म्हणजे सरासरीच्या फरकाची पुन्हा सरासरी.

जॉन बोलिंजर यांनी १९८० च्या दशकात मांडलेले बँड्स २० दिवसांच्या एसएमएच्या वर आणि खाली काढतात. अंतर असतं प्रमाण विचलनाच्या दुप्पट. बाजारात चढ-उतार वाढले की पट्टा रुंद होतो, शांतता असली की अरुंद होतो. अस्थिरता किती आहे हे त्यातून दिसतं, पुढची दिशा दिसत नाही.

तिन्ही इंडिकेटर एकाच रांगेतल्या आकड्यांमधून निघतात, ती रांग म्हणजे झालेले भाव. त्यामुळे ‘तीन इंडिकेटर एकच सांगतायत, म्हणजे सिग्नल पक्का’ हा तर्क कच्चा आहे. एकाच साक्षीदाराला तीनदा विचारलं, म्हणून तीन साक्षी होत नाहीत.

हुशार फिल्टर उशीर टाळू शकतात का?

प्रयत्न खूप झालेत. २००५ मध्ये ॲलन हल यांनी आणलेली हल मूव्हिंग ॲव्हरेज छोट्या सरासरीची दुप्पट करून तिच्यातून मोठी सरासरी वजा करते आणि उशीर बराच कमी करते. पण आपल्या १०० वरून ९० वर आलेल्या शेअरवर ती लावली, तर रेघ काही काळ ९० च्याही खाली जाते. भाव तिथे कधी गेलेलाच नसतो! उशीर कमी झाला, पण रेघ गरजेपेक्षा जास्त पुढे पळाली.

रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेला कालमन फिल्टर अपोलो यानांना चंद्राकडे नेताना वापरला गेला. मग तो शेअरवर का चालू नये? सूत्र चालतं, पण त्याला आधी सांगावं लागतं की वस्तू कोणत्या नियमाने हलते. यान न्यूटनचे नियम पाळतं. शेअरसाठी असा नियम कुणाकडेच नाही.

आणखी एक प्रकार आहे आणि नवख्या माणसाला तोच जास्त फसवतो. काही फिल्टर एखाद्या दिवसाची रेघ काढताना त्याच्या मागचे आणि पुढचे असे दोन्हीकडचे भाव वापरतात. जुन्या आकडेवारीचा अभ्यास करताना हे योग्यच आहे. पण ट्रेडिंगच्या चार्टवर अशी रेघ जुन्या भागात प्रत्येक वळण अचूक पकडताना दिसते, कारण तिला पुढचं आधीच माहीत असतं. आजच्या टोकाला मात्र ती नवे भाव येतील तशी बदलत राहते. याला ‘रिपेंट होणं’ म्हणतात. भरघोस नफा दाखवणारे काही स्क्रीनशॉट असेच तयार होतात.

जिथे काहीच नाही, तिथेही लाटा दिसतात

१९२७ मध्ये सोव्हिएत अर्थतज्ज्ञ येवगेनी स्लुत्स्की यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सरकारी लॉटरीत निघालेले अंक ओळीने लिहिले आणि दर सलग दहा अंकांची बेरीज काढत गेले. हीच सरकती बेरीज दहाने भागली की मूव्हिंग ॲव्हरेज होते. लॉटरीच्या अंकांमध्ये कसलाच क्रम नसतो. पण तयार झालेल्या आलेखात तेजी-मंदीसारख्या लाटा दिसल्या आणि त्या १९ व्या शतकातल्या इंग्लंडच्या व्यापारचक्राच्या आलेखाशी चक्क मिळत्याजुळत्या होत्या.

याचा अर्थ, गुळगुळीत रेघेवर दिसणारी प्रत्येक लाट बाजाराने तयार केलेली नसते. काही लाटा सरासरी काढण्याच्या कृतीतूनच जन्माला येतात.

मग या रेघांचा उपयोग शून्य आहे का?

तसंही नाही. ब्रॉक, लाकोनिशॉक आणि लेबॅरन यांनी १९९२ च्या शोधनिबंधात डाऊ जोन्सचे १८९७ ते १९८६ पर्यंतचे आकडे तपासले आणि मूव्हिंग ॲव्हरेजच्या साध्या नियमांत तथ्य असल्याचं नोंदवलं. १९९९ मध्ये सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी त्यापुढची दहा वर्षं तपासली, तेव्हा सर्वोत्तम ठरलेला नियम तिथे टिकला नाही. हजारो नियम जुन्या आकड्यांवर चालवून पाहिले, तर त्यातला एखादा निव्वळ योगायोगानेही उत्तम ठरतो.

त्यामुळे या रेघांकडे भविष्य म्हणून न पाहता नोंद म्हणून पाहणं जास्त सुरक्षित आहे. सध्याचा भाव त्याच्या दीर्घ सरासरीपासून किती लांब गेलाय, बाजार नेहमीपेक्षा जास्त हलतोय का, हे त्या नीट सांगतात. स्वतःसाठी शिस्तीचा नियम म्हणूनही त्या वापरता येतात, पण त्या नियमाचा तोटाही आधी माहीत असायला हवा.

कुणी चार्ट दाखवला तर काय विचारायचं?

- ही रेघ किती दिवसांची आहे आणि त्यामुळे ती किती दिवस मागे आहे?
- सिग्नल आला त्या क्षणी चार्टवर हीच रेघ दिसत होती, की नंतर बदलली?
- फक्त नफ्याचीच उदाहरणं दाखवतायत, की याच नियमाचे फसलेले सगळे सिग्नलही मोजलेत?
- ब्रोकरेज, कर आणि घेण्या-विकण्याच्या भावातला फरक धरूनही नफा उरतो का?
- नियम ज्या वर्षांवरून बसवला, ती सोडून इतर वर्षांवर तपासला आहे का?

जानेवारी २०२५ मध्ये सेबीने परिपत्रक काढून, शेअर बाजाराचं फक्त शिक्षण देणाऱ्यांनी आधीच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरविषयी बोलायचं नाही, असा नियम घातला. शिकवणीच्या नावाखाली टिप्स दिल्या जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू होता.

वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील, तर त्या चार्टवर पैसे लावण्याची घाई करू नका. रेघ काल काय झालं ते सांगते. उद्याचा तोटा मात्र तुमच्या खात्यातून जाणार असतो.